गळ खुंटीला टांगल्यावर

धाराशिव आणि मासेमारी हीं दोन नांवें एका दमांत उच्चारलीं, तर ऐकणाराला हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. ज्या मुलखांत उन्हाळ्यांत माणसाला पिण्याचें पाणी दुरून आणावें लागतें, तेथें मासे कुठले आणि ते धरणारे तरी कुठले, असा प्रश्न शहरांतील सुशिक्षिताच्या मनांत सहज येतो. परंतु बालाघाटच्या या पठारावर तेरणा आहे, मांजरा आहे, बोरी आहे, सीना आहे; जिल्ह्याच्या एका बाजूचें पाणी मांजरेवाटे गोदावरीला मिळतें, दुसऱ्या बाजूचें सीना-बोरींवाटे भीमेला. या नद्या बारमाही नव्हत, हाच काय तो फरक. भाद्रपदांत त्या दोन्ही थड्या भरून वाहतात आणि पुढें माघ-फाल्गुनांत त्यांच्या पात्रांतून बैलगाडी कोरडीच जाते. त्यामुळें येथल्या मासेमाराच्या वर्षाचे दोन तुकडे पडतात. पाण्याच्या तुकड्याविषयीं थोडेंबहुत लिहिलेलें सांपडतें. दुसऱ्या तुकड्यांत, म्हणजे गळ खुंटीला टांगल्यावर आणि जाळें आढ्याला लागल्यावर, तो काय करीत असे, याची विचारपूस इतिहासकारांनीं क्वचितच केली.

समुद्रकांठच्या कोळ्याचा मोकळा हंगाम सर्वांना ठाऊक आहे. आषाढ-श्रावणांत दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झांकल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हां शिडें उभीं राहतात. देशावर नेमकें उलट. येथें पावसाळा हीच मासेमाराची सुगी. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढतात, ओढ्यानाल्यांत शिरतात, आणि पूर ओसरतांना डोहांत अडकतात. आश्विन-कार्तिकापर्यंत या डोहांवर माणसांची वर्दळ असते. मग थंडी पडते. थंड पाण्यांत मासा सुस्त होतो, खाणें कमी करतो, तळाशीं जाऊन बसतो. गळाचें गांडूळ तोंडासमोर लोंबत राहिलें तरी तो त्याकडे ढुंकून पाहत नाहीं. त्यांतच पाणी आटूं लागतें. मरळ चिखलांतहि तग धरते, कारण ती तोंड वर काढून हवा घेऊं शकते. इतर बहुतेकांना हा मार्ग मोकळा नाहीं.

विलायतेंतील गळबहाद्दरांनाहि हिंवाळा असाच रिकामा जातो. ट्राउट माशाची शिकार तिकडे थंडीच्या महिन्यांत कायद्यानें बंद असते, आणि मग शेकोटीजवळ बसून पिसें व रेशीम यांच्या खोट्या माश्या गळावर बांधणें हा तेथील गृहस्थांचा आवडता उद्योग होतो. या छंदाचें तिकडे मोठें वाङ्मय आहे. १४९६ सालीं इंग्रजींत गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील ग्रंथ निघाला. १६५३ सालीं लंडनच्या आयझॅक वॉल्टन नांवाच्या व्यापाऱ्यानें लिहिलेलें पुस्तक तर आजहि वाचलें जातें. हीं नांवें आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकाला माहीत असतात. पण उमरग्याहून पूर्वेकडे थोडें गेलें कीं लागणाऱ्या एका गांवीं, वॉल्टनच्या सव्वापांचशें वर्षें आधीं, याच विषयावर एका राजानें स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवलें होतें, हें फार थोड्यांना माहीत असतें.

तें गांव म्हणजे कल्याणी; आजचें कर्नाटकांतील बसवकल्याण. धाराशिवचा प्रदेश त्या काळीं कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. सहावा विक्रमादित्य ११२६ सालीं वारल्यावर त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर गादीवर आला आणि ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. युद्धांत त्याचें नांव फारसें गाजलें नाहीं. बापानें मिळविलेलें हळूहळू सुटूं लागलें तें त्याच्याच काळांत. पण त्यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथांत शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा उल्लेख आहे. वीस-वीस अध्यायांचीं पांच प्रकरणें, मिळून शंभर अध्याय. राज्य कसें मिळवावें, तें टिकवावें कसें, येथपासून स्वयंपाक, दागिने, हत्ती, घोडे, गाणें, नाच, सोंगट्या यांपर्यंत सर्व कांहीं त्यांत आलें आहे. मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ प्रिय आहे तो वेगळ्या कारणासाठीं. महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात, असें त्यांत नमूद केलेलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ संपादून काढला. पहिला भाग १९२५ सालीं निघाला, शेवटचा १९६१ सालीं.

याच ग्रंथाच्या विनोदांच्या प्रकरणांत ‘मत्स्यविनोद’ आहे. माशांची वर्गवारी राजानें काळजीपूर्वक केली आहे. समुद्रांतले कोणते, गोड्या पाण्यांतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. लहान कोणते, थोर कोणते. कोणत्या जातीला कसलें खाणें घालावें हें त्यानें सांगितलें आहे, आणि मासे ठराविक जागीं खाण्यास सोकावले म्हणजे मग गळ कसा टाकावा, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, आमिष कसलें लावावें, हें सांगितलें आहे. १९५१ सालीं प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं या अध्यायावर निबंध लिहिला, तेव्हांपासून जगांतील मत्स्यशास्त्रज्ञांचें लक्ष त्याकडे वळलें. निरीक्षण बारीक आहे. एखाद्या दरबारी पंडितानें जुनीं पुस्तकें चाळून केलेली ही रचना वाटत नाहीं.

मग ही माहिती कल्याणीच्या वाड्यांत कोठून आली? राजा काठी हातांत धरून बसत असेल; पण कोणता मासा कोणत्या डोहांत, कोणत्या खाण्याला भुलतो, हें शिकायला पिढ्यान् पिढ्या नदीवर काढाव्या लागतात. तें ज्ञान राजाच्या शेजारीं उभ्या असलेल्या, ग्रंथांत नांव नसलेल्या माणसांचें असलें पाहिजे. राजानें तें श्लोकबद्ध केलें, हे त्याचे उपकारच. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राजाला मासे लागेनासे झाले तर त्याच्यापुढें दुसरे एकोणीस विनोद वाढून ठेवलेले होते, आणि त्यांनींहि कंटाळा आला तर पुढच्या प्रकरणांत वीस क्रीडा होत्या. बुद्धिबळें होतीं, फांशे होते, कोडीं घालणें होतें, चांदण्यांतला खेळ होता, पिकानें भरलेल्या शेतांतला विहार होता. हा शेवटचा वाचतांना मराठवाड्याच्या माणसाला ज्वारीच्या हुरड्याची आठवण व्हावी. आणि एक वालुकाक्रीडा होती, म्हणजे वाळूंत खेळणें. त्याच वाळूंत मासेमारालाहि हिंवाळा काढावा लागत असे, पण तो खेळून नव्हे.

या भागांत नदीवरचा मासेमार म्हणजे मुख्यत्वें भोई. निजामाच्या राज्यांतील जातींवर १९२० सालीं सय्यद सिराज-उल-हसन यांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला. मुंबई इलाख्यापुरतें तसेंच काम एन्थोवेन यांनीं त्याच सुमारास केलें. मासे धरणें आणि पालखी वाहणें हे भोयांचे परंपरेचे धंदे म्हणून अशा ग्रंथांतून नोंदलेले आढळतात. हे दोन धंदे एका जातीकडे कसे आले, याचें कोडें पुष्कळांना पडतें. वर्षाचे महिने डोळ्यांपुढें मांडले कीं तें बरेंच उलगडतें. पावसाळ्यांत या काळ्या मातींत पालखी काय, माणूसहि चालत नाहीं, गुडघाभर चिखल. तेव्हां नदीला काम असतें. कार्तिकांत वाटा वाळतात, तुळशीचें लग्न लागलें म्हणजे माणसांचीं लग्नें सुरू होतात, अंमलदारांच्या फिरत्या सुरू होतात. आणि नेमक्या त्याच वेळीं नदी भोयाला सुटी देते. नदीचा उतार हाच खांद्याचा हंगाम.

१८५३ च्या तहानें निजामानें नळदुर्ग जिल्हा कंपनी सरकारकडे दिला आणि मेडोज टेलर हा अधिकारी तेथें डेप्युटी कमिशनर म्हणून आला. ‘तारा’ ही तुळजापुरापासून सुरू होणारी कादंबरी १८६३ सालीं लिहिणारा तो हाच. १८६० मध्यें जिल्हा परत निजामाकडे गेला. त्या काळीं लांबचा प्रवास म्हणजे घोडा, मेणा किंवा पालखी. आठ-आठ, बारा-बारा भोई आळीपाळीनें खांदा देत. रात्रीं पुढें मशालजी धांवे. टप्प्याटप्प्यावर नवी तुकडी उभी असे. एका सुरांत हुंकार देत, पावलाला पाऊल जुळवीत ते चालत, कारण एकाचें पाऊल चुकलें तर आंतल्या माणसाला हिसका बसे.

हा धंदा मोडला तो कोणाच्या दुष्टाव्यानें नव्हे. त्याच १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोंचली. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी गाडी धांवूं लागली आणि १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला गेली. बार्शी लाइटच्या त्या संथ गाडीची चेष्टा दोन पिढ्यांनीं केली. भोयाच्या खांद्यापेक्षां मात्र ती वेगवान होती. पालखी राहिली ती देवाची, आणि क्वचित् नवरदेवाची. हिंवाळ्याचा अर्धा आधार गेला.

उरला तो घरचा उद्योग, आणि खरें पाहतां मासेमारीची विद्या जगली ती यावरच. पौष महिन्यांत लग्नें नसतात, नदीवर काम नसतें, दिवस लहान आणि रात्री मोठ्या. या दिवसांत जाळें विणलें जाई. पावसाळ्यांत पेरलेला ताग कापून, पाण्यांत कुजवून, त्याची साल सोलून काढीत. ती विंचरून चातीवर तिचें सूत कातीत. मग बांबूची एक सपाट पट्टी घेऊन, तिच्या मापानें एकेक डोळा गांठीनें बांधीत जायचें. पट्टी रुंद तर डोळा मोठा, पट्टी अरुंद तर डोळा लहान. झिंग्याचें जाळें वेगळें, थोर माशाचें वेगळें. डोळ्याचें माप चुकलें तर एक तर मासा निसटतो, नाहीं तर पुढच्या सालाचें बीजच पकडलें जातें. फेकजाळ्याचा घेर वाढवीत न्यायचा तर कोणत्या फेरींत किती डोळे वाढवायचे हें गणित तोंडपाठ असावें लागतें. कांठाला शिशाचे किंवा भाजलेल्या मातीचे मणी ओंवावे लागतात. शेवटीं झाडाच्या सालीच्या काढ्यांत जाळें उकळून वाळवायचें, म्हणजे तें पाण्यांत लवकर कुजत नाहीं. एवढें करून तागाचें जाळें कांहीं हंगामांतच जीर्ण होई. म्हणजे दर थोड्या वर्षांनीं हें सारें पुन्हां आलेंच.

जाळें कुजत असे ही अडचण खरी. परंतु त्या अडचणीमुळेंच प्रत्येक मुलाला वडिलांच्या शेजारीं बसून गांठ शिकावी लागे. बोटें गांठींत गुंतलेलीं असलीं तरी तोंड मोकळें असतें. कोणत्या डोहाच्या तळाशीं खडक आहे, वाम कोणत्या कपारींत दडते, पहिल्या गढूळ पाण्यांत कोठें उभें राहावें, आणि कोणत्या भोंवऱ्यांत कोणाचा चुलता बुडाला, हें सर्व त्या बैठकींत पुढच्या पिढीच्या कानांवर पडे. पावसाळ्यांत पुरापुढें उभें राहून कोणी कोणाला शिकवीत नाहीं. त्या वेळीं आधीं शिकलेलें उपयोगीं पडायचें असतें. सोमेश्वराच्या अध्यायांतील ज्ञान ज्या माणसांकडून आलें असेल, त्यांचा ग्रंथ हा असा होता.

वाळूकडे वळण्यापूर्वीं भट्टीचा उल्लेख केला पाहिजे. मराठवाड्यांत आणि अन्यत्रहि कित्येक भोई कुटुंबें हरभरे, लाह्या, चुरमुरे भाजतात. तापलेल्या वाळूंत धान्य फुलवायचें हें काम बहुधा बायकांच्या हातचें. हिंवाळा हा यात्रांचा काळ. तुळजापुरास पौषांत देवीचें शाकंभरी नवरात्र बसतें, नळदुर्गाजवळ मैलारपुरास पौषी पौर्णिमेला खंडोबाची मोठी यात्रा भरते. हा खंडोबा वर्षांतले सव्वादहा महिने अणदुरास राहतो आणि पावणेदोन महिने येथें मुक्कामास येतो. यात्रा म्हटली कीं फुटाण्या-चुरमुऱ्यांचीं पालें आलीं, आणि भट्टी असलेल्या घरांना चार पैसे मिळाले.

पण हिंवाळ्यांतील मोठा डाव असे तो नदीच्या पात्रांत. पाणी हटून वाळू उघडी पडली कीं तिचे तुकडे खंडानें घेतले जात. वरची वाळू कोरडी असली तरी हात-दोन हात खालीं ओल असते. त्या ओलीपर्यंत चर किंवा खड्डे काढून त्यांत शेणखत भरीत. थंडींत बीं लवकर उगवत नाहीं, म्हणून तें ओल्या फडक्यांत बांधून उबेला ठेवून मोड आणीत आणि मग लावीत. गार वाऱ्यापासून रोपांचें रक्षण करण्यासाठीं पाचटाचे आडोसे उभारीत. जवळच वाळूंत झिरा खणून घागरींनीं पाणी घालीत. वेल पसरले कीं त्यांच्याखालीं गवत अंथरीत, नाहीं तर पुढें उन्हानें तापलेली वाळू फळाला भाजून काढते. टरबूज, खरबूज, काकडी, भोपळा. फळ धरूं लागलें कीं कोल्हा येतो, आणि त्याला नेमकें पिकलेलें फळ कळतें. तेव्हां सारें कुटुंब खोप करून वाळवंटांतच राहायला जाई. फाल्गुनापासून फळ बाजारांत येई, चैत्र-वैशाखांत त्याचा भर असे. जी नदी पावसाळ्यांत मासे देई तीच उन्हाळ्याच्या तोंडाशीं टरबुजें देई. मध्यें अवकाळी पाऊस होऊन पाण्याचा एकच लोंढा आला, तर रातोरात वेल, खत, खोप सर्व वाहून जाई आणि खंडाचें कर्ज तेवढें राही. या शेतीचा विमा उतरणारा कोणी नव्हता.

नद्या आटत असल्या तरी सांठवलेलें पाणी अगदींच नव्हतें असें नाहीं. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी आडवून दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानें १६१३ सालीं बांध घातला. त्या बांधाच्या पोटांतच पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत सांडव्यांवरून पाणी कोसळत असतां आंत बसलेला माणूस कोरडा राहतो. लोक त्या दोन धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. बांधणाऱ्या कारागिरानें सौंदर्याचाहि विचार केला, यांत शंका नाहीं. सोमेश्वराप्रमाणेंच येथेंहि पाण्याकांठची बैठक राजाच्या मनोरंजनासाठीं सजली. पण असा जलाशय हा त्या काळीं अपवाद होता. जिल्ह्याच्या नद्यांवर मोठीं धरणें झालीं तीं स्वातंत्र्यानंतर: तेरणेवर तेर येथें आणि खालीं माकणीला, मांजरेवर सीमेपलीकडे धनेगांवला, सीनेवर परंड्याच्या बाजूला कोळेगांवला.

धरणांनीं मासेमाराचें वर्षच बदललें. हिंवाळ्यांतहि पाणी राहूं लागलें, त्यामुळें जुना मोकळा हंगाम आंखूड झाला. धरणाखालच्या वाळूंत ओल राहिली नाहीं, वाळू बांधकामासाठीं उपसली जाऊं लागली, आणि टरबुजांच्या वाड्या उठल्या. १९५७ सालीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी व अलीकुन्ही यांनीं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडीं घालवून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला. तेव्हांपासून रोहू, कटला, मृगल यांचें बीज बाजारांत मिळूं लागलें आणि सहकारी संस्था ठेक्यानें घेतलेल्या जलाशयांत तें सोडूं लागल्या. १९५२ मध्यें परदेशांतून आणलेला चिलापी मासा याच पाण्यांत शिरला आणि जुन्या जातींच्या जागेवर बसला. नायलॉनचें तयार जाळें आलें. तें कुजत नाहीं, हलकें असतें, स्वस्त पडतें. त्याविरुद्ध मासेमारानें तक्रार करावी असें कांहीं नाहीं. फक्त पौषांतल्या बैठकीचें निमित्त त्यानें काढून घेतलें. फाटलेलें जाळें आजहि हातांनीं सांधलें जातें, पण ताग कातून नवें जाळें विणणारे हात आतां शोधावे लागतील.

आणि जेथें जलाशय आहे तेथें पाणी असेलच, हेंहि गृहीत धरतां येत नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, त्या सालीं मांजरेचें धरण कोरडें पडलें होतें. बीज विकत घेऊन सोडलेलें, ठेक्याचे पैसे भरलेले, आणि तळाला भेगा. पूर्वीं नदी आटली तर खांद्याला पालखी होती, हाताला ताग होता, पायाखालीं वाळू होती. मोकळा हंगाम चार महिन्यांचा न राहतां सबंध वर्षाचा झाला, तेव्हां यांपैकीं भट्टी तेवढी उरली होती, आणि ऊसतोडीचा किंवा शहरांतल्या मजुरीचा रस्ता.

टरबूज मात्र जिल्ह्यांतून गेलें नाहीं. तें नदी सोडून वर शेतांत आलें. प्लास्टिकच्या कागदाखालीं वाफे झांकून, ठिबकच्या नळीनें पाणी देऊन, पौष-माघांत शेतकरी त्याची लागण करतात, आणि उन्हाळ्याच्या आरंभीं ट्रक भरून तें हैदराबाद-पुण्याकडे जातें. थंडींत बीं उबेला ठेवून मोड आणण्याचें काम आतां रोपवाटिका करतात.